मदत हवी: रात्री 8 नंतर कॉल तुटतात, स्पीड टेस्ट मात्र 95 दाखवते

मुक्काम देवगड तालुका, खाडीकाठचं गाव. केबलवाल्याकडून 100 एमबीपीएसचं फायबर घेतलंय. गेल्या वर्षी बाबांच्या तब्येतीमुळे पुणं सोडून घरी आलो. काम कॉलवर बोलण्याचं, शिफ्ट संध्याकाळी 5 ते रात्री 11.

साडेसातपर्यंत सगळं नीट असतं. आठ वाजले की समोरच्याचा आवाज तुटायला लागतो, ‘इन्व्हॉइस’मधलं नुसतं ‘व्हॉइ’ ऐकू येतं. माझा आवाज मात्र त्यांना स्वच्छ जातो! अकराच्या सुमारास आपोआप सुधारतं.

केबलवाला बाबांच्या ओळखीतला, भला माणूस आहे. रात्री 9 ला घरी येऊन त्यानं स्पीड टेस्ट लावली, 95 आले. म्हणाला, “तुझो राउटर जुनो झालो.” नवा घेतला. लॅपटॉप थेट ओएनटीला (घरात फायबर येऊन जोडली जाते तो डबा) वायरनं जोडूनही पाहिला. काही फरक नाही. हायवेच्या कामात फायबर तुटते तेव्हा नेट पूर्णच जातं, हे तसं नाही.

आठवडाभर दुपारी 3 ला आणि रात्री 9 ला ऑफिसच्या मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत ट्रेसराउट (डेटा कोणकोणत्या टप्प्यांतून जातो आणि किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) घेतले. दुपारी 18 मिलिसेकंद. रात्री पहिले चार टप्पे तसेच, पाचव्यापासून पुढे 160 ते 170, आणि डेटाच्या 100 पॅकेटमागे 6-7 गळतात. गळती फक्त पाचव्यावर दिसली असती तर तो राउटर पिंगला उत्तर देत नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण ती शेवटच्या टप्प्यापर्यंत तशीच राहते. त्याच वेळी यूट्यूब सुरळीत चालतं.

केबलवाल्याला नेमकं काय विचारू? हे सुटलं नाही तर मला पुण्याला परतावं लागेल, आणि इथे बाबा एकटे पडतील.

प्रतिसाद (चिपळूण, नेटवर्किंगच्या कामात आहे)

दादा, ट्रेस नीट घेतलेत. स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुधा वरच्या कंपनीच्या (केबलवाला जिच्याकडून इंटरनेट घेतो ती) नेटवर्कातच आहे, यूट्यूबचा साठाही तिथेच. म्हणजे वेशीच्या आत सगळं ठीक, अडचण वेशीवर, जिथे ती कंपनी दुसऱ्या नेटवर्कला जोडली जाते.

तुमचा आवाज जातो आणि त्यांचा येत नाही, हीच मोठी खूण. घरगुती ग्राहकांच्या नेटवर्कात येणारं ट्रॅफिक जाणाऱ्याच्या कित्येक पट असतं. दोन नेटवर्कं जोडणाऱ्या पोर्टची क्षमता मात्र दोन्ही दिशांना सारखीच. त्यामुळे रात्री येणारी बाजू तुंबते आणि जाणारी रिकामी राहते. नेटवर्क कंपन्यांचे आपापसात फुकट ट्रॅफिक घ्यायचे करार बऱ्याचदा बरोबरीच्या अटीवर असतात. एक बाजू जास्त ओतू लागली की पोर्ट वाढवायचा खर्च कुणी करायचा यावर घोडं अडतं. 2005 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लेव्हल थ्री या नेटवर्क कंपनीनं कोजेंट या दुसऱ्या कंपनीशी थेट जोडणी तोडली ती अशाच वादातून, आणि काही दिवस एकीकडचे ग्राहक दुसरीकडे पोचेनात.

केबलवाल्याला वरच्या कंपनीशी जोडणाऱ्या त्याच्या पोर्टचा एमआरटीजी आलेख (कोणत्या वेळी किती ट्रॅफिक होतं ते दाखवणारा) दाखवायला सांगा. 8 ते 11 माथा सड्यासारखा सपाट दिसला, म्हणजे पोर्ट भरलेला असला, तर त्यालाच बँडविड्थ वाढवावी लागेल. टेकडीसारखा गोल असेल तर दोष त्याच्या वर. ऑफिसच्या आयटीवाल्यांना उलट दिशेनं ट्रेस घ्यायला सांगा. परतीची वाट वेगळी असू शकते, तुमच्या ट्रेसमध्ये ती दिसत नाही. तोवर ऑफिसचा व्हीपीएन दुसऱ्या नेटवर्कवरच्या गेटवेतून लावून बघा, म्हणजे कॉल कदाचित ती तुंबलेली वेस टाळून जातील.

धागाकर्ता

काल त्याच्या दुकानात बसून आलेख पाहिला. हिरवा भाग (येणारं ट्रॅफिक) गोल टेकडी, वर चांगली जागा शिल्लक. निळी रेघ (जाणारं) तळाशी. त्याच्यावर उगाच शंका घेतली याचं वाईट वाटलं. उलट ट्रेसमध्येही गळती त्याच वेशीवर दिसते. व्हीपीएननं कालचे कॉल निभावले.

आता वरच्या कंपनीला मेल त्याच्या नावानं जाणार, ग्राहक तो. त्यांनी मुंबईत निक्सीवर (नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात ते भारतातलं इंटरनेट एक्स्चेंज) किंवा दुसऱ्या एक्स्चेंजवर क्षमता वाढवावी, असं लिहायचं की नुसते ट्रेस आणि वेळा द्यायच्या? अशी मेल कुणी लिहिली असेल तर नमुना द्याल का?