मदत हवी आहे: नववी-दहावीच्या आरोग्य सर्वेक्षणासाठी शाळा कशा निवडू?

नमस्कार मंडळी,
सार्वजनिक आरोग्याच्या प्रबंधासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या नववी-दहावीच्या मुलांचं सर्वेक्षण करायचंय. तंबाखू, मिश्री, झोप, उपाशीपोटी शाळेत येणं, मनावरचा ताण, हे सगळं विचारायचंय. आमच्याकडे मिश्रीची डबी घरातच असते, ती पोरींच्या हाती कधी लागते ते कुणी विचारत नाही. म्हणून हे काम नीट व्हावं अशी फार इच्छा आहे.

पद्धतीसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं वायआरबीएस, म्हणजे शाळकरी मुलांच्या धोकादायक सवयींचं सर्वेक्षण, समोर ठेवलंय. १९९१ पासून साधारण दर दोन वर्षांनी ते नववी ते बारावीच्या मुलांचं सर्वेक्षण करतात. आधी काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) किंवा त्यांचे गट, मग शाळा, मग वर्ग, आणि निवडलेल्या वर्गातली सगळी मुलं. शाळा पटसंख्येच्या प्रमाणात निवडतात, म्हणजे मोठ्या शाळेला जास्त संधी.

घोडं अडलंय ते इथं: चिपळूणच्या शाळेत एका तुकडीत ५५ मुलं, तर मंडणगडकडच्या एखाद्या वाडीतल्या शाळेत अख्खी नववी ११ मुलांची. काउंटीच्या जागी तालुके निवडू का? लहान शाळा वगळल्या तर चालेल का? आणि ११ मुलांच्या वर्गात निनावी उत्तरांना अर्थ काय, सरांना प्रत्येकाचं अक्षर ओळखू येतं!

प्रतिसाद १
लहान शाळा वगळू नका. वाडीवरची मुलंच गेली तर तो आकडा जिल्ह्याचा राहणार नाही. तालुके नऊच आहेत, त्यांतून निवड कशाला? यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींची, यादी तालुक्यानुसार लावा आणि ठरावीक अंतराने शाळा उचला, सगळे तालुके आपोआप येतील.

आता मुख्य मुद्दा. पटसंख्येच्या प्रमाणात शाळा आणि प्रत्येक शाळेतून एकच तुकडी घेतलीत, तर ११च्या एकमेव तुकडीतल्या मुलाची संधी ५५च्या तुकडीतल्या मुलाच्या एक पंचमांश होते. उलटी संधी (१ भागिले संधी) हे प्रत्येक मुलाचं वजन, म्हणजे हिशेबात ते किती मुलांच्या जागी मोजायचं तो आकडा, धरून हिशेब करा, नाहीतर शाळा पटाऐवजी तुकड्यांच्या संख्येच्या प्रमाणात निवडा. मग प्रत्येक मुलाची संधी समान राहते, फक्त एकूण किती मुलं मिळतील ते आधी सांगता येत नाही. मला दुसरा मार्ग बरा वाटतो.

एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, हेही धरा. वर्गात ४० मुलं आणि साधर्म्याचा गुणांक (एका वर्गातली मुलं किती सारखी ते सांगणारा आकडा) ०.०३ असेल तर डिझाइन इफेक्ट १ + ३९ × ०.०३, म्हणजे २.१७ येतो. म्हणजे साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून एकेक मूल घेतल्यासारख्या) निवडीच्या दुपटीहून जास्त मुलं लागतील.

प्रतिसाद २
अक्षराचं म्हणाल तर लिहायचं काही ठेवूच नका, नुसते गोल काळे करू द्या. सर वर्गाबाहेर थांबतील आणि कागद मुलं स्वतः बंद पेटीत टाकतील असं बघा.

हजेरीचा दिवस मात्र जपून निवडा. शिमगा, गणपती आणि बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास जाऊ नका. गैरहजर मुलांसाठी दुसरा दिवस ठेवाच. हर्णै-दाभोळकडे बोटीवर जाणारा मुलगा त्या दिवशी वर्गात नसेल, आणि तंबाखूबद्दल सगळ्यात आधी त्यालाच विचारायला हवं.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. तुकड्यांच्या संख्येवरच निवड करते. एकच शंका: गैरहजर मुलगा दुसऱ्या दिवशीही आला नाही तर त्याचं वजन त्याच तुकडीतल्या हजर मुलांवर वाटायचं, की पूर्ण तालुक्यावर?