‘ट्रॅडिशनल ओनर्स’ला मराठीत काय म्हणावं?

सायली_मेलबर्न
आमच्या विद्यापीठातल्या मराठी क्लबचा गणपती यंदा कॅम्पसच्या हिरवळीवर आहे. इथे कार्यक्रमाच्या आरंभी ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ म्हणतात. म्हणजे ही जमीन कुलिन राष्ट्रातल्या वुरुंजेरी वॉय-वुरुंग लोकांची (हे इथले मूळ रहिवासी, यांनाच ‘ट्रॅडिशनल ओनर्स’ म्हणतात), त्यांच्या आधीच्या आणि आताच्या एल्डर्सना आमचा आदर, आणि ही जमीन त्यांनी कधी कुणाला देऊन टाकलेली नाही. दर वर्षी आम्ही हे इंग्रजीत वाचून मोकळे होतो, तेव्हा मागच्या रांगेत मोदकांची मोजणी चालू असते. म्हणून यंदा मराठीत म्हणायचं ठरवलं. माझा मसुदा असा: ‘या भूमीच्या पारंपरिक मालकांना आणि त्यांच्या दिवंगत व विद्यमान ज्येष्ठांना विनम्र अभिवादन.’ आईला फोनवर वाचून दाखवला तर म्हणाली, ‘‘घरमालकाचं भाडं थकलंय का गं?’’ ‘विद्यमान’ ऐकून तिला नगरसेवक आठवला. गुरुवारपर्यंत पत्रिका छापायला द्यायची आहे. सुचवा.

अनुस्वार
मालक, हक्क, जमीन सगळे अरबी-फारसी. ‘भूस्वामी’ म्हणा.

चिंचेचं_बोटुक
भूस्वामी म्हटलं की मला जमीनदार दिसतो, मिशीवाला. ‘मूलनिवासी’ का नको?

पांढरीचा_पाटील
मूलनिवासी आपल्याकडे चळवळीचा शब्द आहे, त्यात कोण आत आणि कोण बाहेर यावर वेगळा धागा लागेल. ‘वनवासी’ तर अजिबात नको. १९४८ मध्ये संविधान सभेत आदिवासी नेते जयपाल सिंह मुंडा ‘आदिवासी’ याच शब्दासाठी अडून बसले होते, भाषांतरात त्याच्या जागी ‘बनजाति’ घातलं म्हणून. आणि ९ ऑगस्टला नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत फलक लागतात त्यावर ‘जागतिक आदिवासी दिन’ असंच असतं. ज्यांचा शब्द त्यांनी ठरवलाय. आपण कोशात काय शोधतोय?

चिंचेचं_बोटुक
मान्य, पण ताईंना ‘इंडिजिनस’ला शब्द नकोच आहे, ‘ओनर्स’ला हवाय.

पेडण्याची_म्हादू
भूमिपुत्र म्हणू नका एवढंच सांगते. २०२१ मध्ये गोव्यात भूमिपुत्र विधेयक आलं होतं. ३० वर्षं राहिलेला कुणीही भूमिपुत्र! गावडा, कुणबी, वेळीप लोक भडकले, कारण तो शब्द त्यांचा. शेवटी विधेयकातून तो काढू असं सरकारलाच सांगावं लागलं.
इंग्रजीत ‘कस्टोडियन’ही म्हणतात ना? मग आमचा राखणदार घ्या की. जागेचा असतो, जागा विकली तरी तो जात नाही. नवं घर बांधायचं तर आधी त्याला सांगायचं, त्याला राखण द्यायची.

अनुस्वार
राखणदार म्हणजे कलमांच्या बागेत पगारावर ठेवलेला माणूस. ‘अभिरक्षक’ हा शासनमान्य शब्द आहे.

पेडण्याची_म्हादू
पगारी राखणदार तुमच्याकडे. आमच्याकडे तो रात्री काठी आपटत फिरतो आणि दिसत नाही.

सायली_मेलबर्न
राखणदार मला फार आवडला होता, पण हीच अडचण आहे. तो दिसत नाही. ही माणसं दिसतात. त्यांच्यातल्या एक आजी मागे आमच्या विभागात आल्या होत्या, निलगिरीच्या ओल्या पानांची धुरी केली, तळव्यात धूर घेऊन तोंडावरून फिरवायला सांगितला. अगदी आपण आरती घेतो तसा. (हॉलमधले स्मोक अलार्म आधी बंद करून घ्यावे लागले, तो फॉर्म वेगळा.) त्यांच्यापुढे उभं राहून ‘राखणदार’ म्हणायला जीभ वळणार नाही.

नाना_एटापल्ली
मी गडचिरोलीत एटापल्लीकडे मास्तर होतो. गावच्या जमिनीचं देवाधर्माचं बघणारा तो भूमिया. पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा कुणी तोंडाला लावत नाही. पहिल्या वर्षी मी शाळेमागचा आंबा पाडून पोरांना वाटला. पोरांनी घेतला आणि हातात धरून उभी राहिली. कुणी खाईना. संध्याकाळी भूमिया आला, रागावला नाही. बसला, पाणी प्याला, ‘‘गुरुजी, विचारायचं होतं’’ एवढंच म्हणाला. मालक तो नव्हता, सातबाऱ्यावर त्याचं नावही नव्हतं. पण विचारायचं त्याला.

चिंचेचं_बोटुक
नाना, _/\_. ‘ज्यांना विचारायला हवं होतं ते’ असा शब्दच नाही आपल्याकडे.

कुळकायदा
आहे की. मिरासदार आणि उपरी. मिरासदार गाव सोडून परागंदा झाला तरी त्याची मिरास बुडत नसे, परत आला की जमीन मागू शकत असे. उपरी कसायचा, पण उपरीच. त्या हिशेबाने मेलबर्नमधले आपण सगळे उपरी. आणि शेवटच्या वाक्याला मराठीत तयार शब्द आहे, जो घराघरात भांडणं लावतो: ‘या जमिनीचं हक्कसोडपत्र कधी झालेलं नाही.’ झालं भाषांतर.

सायली_मेलबर्न
हक्कसोडपत्र!! हे घेतलं. आईला वाचून दाखवलं, एकदम गंभीर झाली, ‘‘मग त्यांना काय मिळालं?’’ तिच्या माहेरी आत्यांच्या सह्या कशा घेतल्या ते सगळं निघालं. आणि कुळकायदा, भाड्यावरून आठवलं, इथे खरोखरच ‘पे द रेंट’ नावाची चळवळ आहे. आईचा विनोद विनोद नव्हता.

अनुस्वार
मिरासही अरबीच. असो. मुळात आपल्या परंपरेत हे आहेच. ‘समुद्रवसने देवि... पादस्पर्शं क्षमस्व मे.’ रोज सकाळी पाय टेकण्याआधी भूमीची क्षमा मागतो आपण. ‘भूमिवंदन’ म्हणा आणि श्लोक म्हणा.

पांढरीचा_पाटील
भूमीची क्षमा मागतो, माणसांची नाही. इथे माणसांचं नाव घ्यायचं आहे. श्लोक म्हटला की नाव घ्यायचं राहून जाणार.

पत्रिकेतला_मुद्राराक्षस
मसुद्यात ‘स्वागत’ शब्द घालू नका. आमच्या मंडळाने सिडनीत ‘अध्यक्षांच्या हस्ते भूमिस्वागत’ छापलं होतं. ‘वेलकम टू कंट्री’ फक्त तिथल्या लोकांनीच करायचं असतं, आपण करायची ती अ‍ॅक्नॉलेजमेंट. पाहुण्याने घरच्याच उंबऱ्यात उभं राहून या-या करण्यासारखं झालं. आणि वेलकमला कुणाला बोलवणार असाल तर त्यांच्या संस्थेकडे खूप आधी कळवा आणि रीतसर मानधन द्या. शाल-नारळावर बोळवण नको.

देशावरचा
कुणीच ‘कंट्री’बद्दल बोललं नाही. त्यांच्या ‘कंट्री’त जमीन, पाणी, आभाळ, पूर्वज सगळं येतं. आपला जुना देश तसाच आहे, पासपोर्टवाला नव्हे. ‘देशावर पाऊस नाही’ म्हणतो त्यातला.

पेडण्याची_म्हादू
कोकणाला वगळून, नेहमीप्रमाणे.

देशावरचा
बरं, मुलुख घ्या.

अनुस्वार
अरबी.

सायली_मेलबर्न
‘देश’वरून आठवलं. गुरुजींनी विचारलंय, संकल्पात काय म्हणू? दर वर्षी ते ‘दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतात आणि आम्ही यारा नदीच्या उत्तरेला बसलेले असतो. शिवाय ‘यारा’ हे नाव चुकूनच पडलंय. १८३५ साली एका सर्वेक्षकाने वाहत्या पाण्याला वापरलेला शब्द ऐकला आणि नदीचं नाव म्हणून टिपला. वॉय-वुरुंग भाषेत ती बिररंग.

नाना_एटापल्ली
मग तेच म्हणा. पत्रिकेपेक्षा तिथे नाव आलेलं बरं.

अनुस्वार
‘बिररङ्गायाः उत्तरे तीरे.’ नदी म्हणून आकारान्त स्त्रीलिंगी धरलं.

कुळकायदा
ईकारान्त का नको? गोदावरी, कावेरी... बिररङ्ग्याः.

अनुस्वार
गंगा, यमुना, कृष्णा, भीमा!

कुळकायदा
तापी. इंद्रायणी. वैतरणीसुद्धा.

सायली_मेलबर्न
आणि ‘मालक’?

अनुस्वार
वैतरणीचं उदाहरण गणपतीच्या संकल्पात देताय? वेगळा धागा काढतो.