मदत हवी आहे: डेअरीतल्या पंपाचं सील गळतंय

नमस्कार मंडळी. आयटीआय फिटर करून एका डेअरीत अप्रेंटिस म्हणून लागलोय. पाउच मशीनचं टेफ्लॉन बदलणं, जॉ (पिशवी चिकटवणारे जबडे) साफ करणं आता जमतं. अडलंय ते सेंट्रिफ्युगल पंपावर. सीआयपीत (मशीन न उघडता आतून धुताना) गरम कॉस्टिक सोडा फिरला की मेकॅनिकल सीलमधून (फिरत्या शाफ्टजवळची गळती अडवणारा भाग) थेंब थेंब गळायला लागतं, थंड दुधावर मात्र कोरडं ठणठणीत! सील नवीन टाकलं, तरी तेच. सीलमधली ओ-रिंग (गोल रबरी रिंग) नायट्राइल रबराची आहे. कॉस्टिकला ईपीडीएम रबर बरं, पण क्रीमच्या फॅटने ते फुगतं. मग लावू काय? की आधी शाफ्टचा रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) तपासू? सीनियर म्हणतात, "चालू आहे ना, हात लावू नको." (बंद पडल्यावर शिमगा आमच्याच नावाने.) आणि हो, पीएलसीचं (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) बेसिक मराठीत कुठे शिकता येईल?