पावसाच्या आत खापरांचं काय करू? उत्खननावर पहिल्यांदाच आहे

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. इतिहासात एम.ए. केलं, मग पुरातत्त्वाची पदविका, आणि यंदा पहिल्यांदा एका छोट्या उत्खननावर लागलेय. परवाना आमच्या सरांच्या नावावर आहे आणि अजून काही जाहीर झालेलं नाही, म्हणून जागा सांगत नाही. दक्षिण गोव्यात, खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीच्या) कडेला, एवढं पुरे.

ट्रेंचमधून, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यातून, वर येणारं सगळं माझ्या ताब्यात. एप्रिल संपत आलाय. सर म्हणतात, आत्ता कुठे खालचा थर लागला, मे अखेरपर्यंत खणायचंच. इकडे मी भाड्याच्या कौलारू घराच्या पडवीत गोण्यांच्या मधोमध बसलेय. निम्म्या गोण्या धुतलेल्याच नाहीत. मदतीला गावातल्या दोघी येतात, हात चांगला चालतो त्यांचा, पण तिकडे माती उचलायला माणूस कमी पडलं की पहिली हाक त्यांनाच. वर कौलांतून आभाळ दिसतंय ते वेगळंच.

सरांना काय सांगू? आणि जो महिना हातात आहे त्यात आधी काय उरकू? एक सहकारी म्हणतो, काठ आणि बुडं ठेव, मधले तुकडे टाकून दे. तेही कितपत बरोबर?

खापरमावशी
बाय, सरांना सांग, थर नोव्हेंबरपर्यंत थांबतो, गोणी जुलैपर्यंत थांबत नाही. इतकी शतकं मातीखाली जे टिकलं ते आणखी एक पावसाळा टिकेल. ट्रेंचच्या तळाला जाड प्लॅस्टिक अंथरा, वर चाळलेली माती भरा, चारी कोपऱ्यांचे खुंटे मोजून नकाशावर घ्या. पुढच्या हंगामात प्लॅस्टिक लागलं की कुठे थांबलो होतो ते कळतं. पण लेबल कुजलेली गोणी म्हणजे निव्वळ खडी. ती रस्त्यावर टाकली काय नि संग्रहालयात ठेवली काय, सारखंच.

माझं अर्धं आयुष्य पॉटरी यार्डात, खापरं धुऊन निवडायच्या अंगणात गेलं, निवृत्त होऊन रायबंदरला बसलेय. खणायचा एक महिना धरला तर अभ्यासाचे दोन-तीन धरावेत, हा माझा हिशेब. तोही कमीच पडतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन १९६८ ला सुरू झालं, १९८३ ला संपलं, अहवाल आला १९८८ मध्ये. ते डेक्कन कॉलेज होतं, माणसं तयार होती, आणि तरीही ती मंडळी वेळेत पोचली असंच मी म्हणेन. आपल्या देशात खणून झालेल्या कितीतरी जागांचे अहवाल आलेच नाहीत. खणणारे गेले, वह्या गेल्या, गोण्या राहिल्या.

आता काम. धुण्याच्या आधी लेबलं. प्रत्येक पिशवीत एक आणि पिशवीच्या तोंडाला बांधलेलं एक, अशी दोन. जागेचा संकेत, ट्रेंच, थर, खोली, तारीख, लिहिणाऱ्याची सही. साधा कागद गोव्याच्या पावसाळ्यात टिकत नाही. बुरशी नाहीतर कसर, दोघांपैकी एक येतंच. प्लॅस्टिकच्या पट्ट्या काप आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने लिही, किंवा कागद वापरायचाच तर पेन्सिलने लिहून छोट्या झिपच्या पिशवीत घाल. बॉलपेन नको. जे लेबल आज नीट वाचता येत नाही ते आजच, खणणाऱ्याला विचारून, पुन्हा लिही. महिन्याने त्यालाही आठवणार नाही.

धुताना एका वेळी एकच पिशवी फोडायची आणि तिचं लेबल घमेल्याच्या कडेला चिमट्याने लावून ठेवायचं. मऊ ब्रश, साधं पाणी. तुटलेली कड घासायची नाही, मातीचा पोत तिथेच दिसतो. आतून काजळी किंवा अन्नाचा थर असला तर ते खापर न धुता बाजूला. कोळसा, हाडं, कच्ची माती यांना पाणी नाही. वाळवण सावलीत, आणि पुरतं वाळेपर्यंत पिशवीत भरायचं नाही. तुला घाई आहे म्हणून हे दोनदा सांगतेय: पुरतं वाळेपर्यंत.

मग क्रमांक. खापराच्या आतल्या बाजूला, कडेजवळ, शक्य तितका लहान. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ हात, तो सुकला की शाई, वर पुन्हा एक हात. नखपॉलिश लावणारे पाहिलेत मी, पिवळं पडून पापुद्रा निघतो, नंबरासकट. साळावली धरणात कुर्डी बुडणार म्हणून तिथलं महादेवाचं देऊळ दगडन् दगड उचलून दुसरीकडे उभं केलं. प्रत्येक दगडाला नंबर नसता तर आज तिथे देवळाऐवजी दगडांची रास असती. तुझी खापरं त्याहून लहान आणि संख्येने जास्त, एवढाच फरक.

नाणी सापडली असतील तर एक हात जोडून विनंती: चिंच, लिंबू, कोकमाचं आगळ यातलं काही लावू नकोस. तांब्याची समई घासायला ते ठीक. नाण्यावरचा हिरवा थर पुष्कळदा अक्षरं धरून असतो, तो गेला की राजाही गेला. नाण्यावर भुरभुरीत फिकट हिरवे ठिपके दिसले तर तो रोग आहे, आत क्लोराइड आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव आणि रसायनतज्ज्ञाची वाट बघ.

हिशेबनीस
मावशींचं पटतं, पण सरांची बाजूही कुणी मांडा. प्रकल्पांचे पैसे सांभाळायचं काम मी केलंय. हंगाम नोव्हेंबर ते मे, आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. परवाना येईपर्यंत डिसेंबर उजाडतो, अनुदानाचा हप्ता त्याच्याही मागून. खर्च झाला नाही तर रक्कम परत. मजुरीचं मस्टर (हजेरीपट) दाखवलं की खर्च दिसतो. पडवीत बसून खापरं जुळवणाऱ्या बाईचा पगार कुठल्या शीर्षाखाली घालणार? अशा व्यवस्थेत माणूस खणतच राहतो, त्यात त्याची हाव नसते.

उपाय प्रस्तावातच करावा लागतो. पहिल्या वर्षी खणणं, दुसऱ्या वर्षी फक्त अभ्यास, असं स्पष्ट लिहायचं आणि रेखाटनकार, छायाचित्रण, रसायन, कालमापन, साठवण, छपाई ही शीर्षं वेगळी पाडायची. 'इतर' मध्ये ढकललेलं सगळ्यात आधी कापलं जातं. फोंडेकरीणताई, यंदाचं तर गेलं. पण त्या दोघींची मजुरी मस्टरवर 'पुरावस्तू विभाग' म्हणून वेगळी दाखवून घ्या. कागदावर वेगळ्या झाल्या की त्यांना ट्रेंचवर बोलावणं अवघड जातं.

मात्र सगळंच ठेवा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जागेला भाडं पडतं. मधले तुकडे टाकायला हरकत नसावी.

खापरमावशी
भांडा की. टाकायला माझीही ना नाही, पण मोजल्याशिवाय नाही.

आधी मातीवरून गट पाडायचे: जाडीभरडी, बारीक, अभ्रकाची, बाहेरून आलेली. मग पृष्ठभाग, मग आकार. प्रत्येक थरातल्या प्रत्येक गटाची संख्याही आणि वजनही. नुसती संख्या फसवते, कारण एक रांजण फुटून दोनशे तुकडे होतात आणि एक पणती फुटून तीन. नुसतं वजन रांजणाच्या बाजूने कलतं. काठ असले तर वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून व्यास आणि वर्तुळाचा किती टक्के भाग उरलाय ते लिहायचं. त्यावरून भांडी साधारण किती होती याचा अंदाज येतो. एवढं झालं की साध्या स्थानिक भांड्यांच्या मधल्या तुकड्यांतून प्रत्येक गटाचा नमुना ठेवून बाकीचे, प्रकल्पप्रमुखाच्या लेखी संमतीने, त्याच ट्रेंचमध्ये पुरता येतात. सोबत एक चालू सालाचं नाणं आणि प्लॅस्टिकवर लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे पन्नास वर्षांनी खणणारा फसणार नाही. नक्षी, झिलई, चिनी माती, जोड लागणारे तुकडे यांतलं काही टाकायचं नाही.

'कुठे सापडलं' याला किती किंमत असते ते आपल्या जुन्या गोव्यातच बघा. संत ऑगस्टिनच्या पडक्या मठात जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष शोधताना पोर्तुगीज कागदांत एका खोलीची आणि तिथल्या खिडकीची खूण होती. राणीला १६२४ मध्ये शिराझला मारलं, अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणले. मठाचं छत कोसळलेलं, सगळा राडारोडा. त्यातून निघालेलं हाड कुठल्या जागेचं हे नोंदलेलं होतं म्हणून पुढे हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासण्यात अर्थ होता. यू१बी हा मातृवंशाचा गट मिळाला, जो त्यांना भारतीय नमुन्यांत दिसला नव्हता आणि जॉर्जियात दिसला. हे २०१४ मध्ये छापून आलं, २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाला दिले. हाड नुसतं गोणीतून निघालं असतं तर डीएनए कुणी आणि कशाला बघितला असता?

खारंपाणी
खाजनाच्या कडेला म्हणताय म्हणून लिहितो. तिथली खापरं मीठ पिऊन बसलेली असतात. धुऊन वाळवली की मीठ पृष्ठभागावर येऊन स्फटिक होतं आणि झिलईचे, रंगाचे पोपडे उडतात. काही तुकडे वाळल्यावर पांढरट दिसले तर ओळखा. ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पाणी दुधाळ होणं थांबलं की पुरे. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं, म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, नाहीतर ते कायमच दुधाळ दिसेल.

लोखंड ओलं निघालं तर ओलंच ठेवा, उन्हात मुळीच नको. गोव्याजवळच्या समुद्रातल्या सुंची रीफवरच्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांडी, मर्तबान असं काय काय मिळालं. समुद्रातून अशी वस्तू वर आली की खरं काम किनाऱ्यावरच्या टाक्यांत चालतं. पाण्याखालचा फोटो छापून येतो, टाकीचा येत नाही.

कोळशाबद्दल एक. वरचे थर पोर्तुगीज काळातले असतील तर त्यांच्या कार्बन तारखांवर (कोळशातल्या कार्बनवरून काढलेल्या वयावर) पैसे घालवू नका. साधारण १६५० नंतरच्या काळात कार्बनचा आलेख इतका वरखाली होतो की उत्तर 'सतरावं ते विसावं शतक' असं काहीतरी येतं. तिथे चिनी माती आणि नाणी जास्त बोलतात. पैसे खालच्या थराला ठेवा, आणि लाकडाच्या कोळशापेक्षा जळकं धान्य मिळालं तर ते पाठवा. लाकूड तोडलं त्याच्या शंभर वर्षं आधीचं असू शकतं, भात त्याच वर्षीचं.

केप्याचा भाटकार
मधेच विचारतो, माफ करा. आमच्या भाटात माड लावायला खड्डे मारताना अशी निळी-पांढरी खापरं निघतात. ठेवली तर गुन्हा का?

खापरमावशी
भाटकारबाब, खापरासाठी तुम्हाला कोण धरणार नाही. पण मूर्ती, शिलालेख, ताम्रपट, नाण्यांचा साठा निघाला तर हात लावू नका, पणजीला राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर आधी अंतर मोजा. २०१० च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही, त्याच्या पुढच्या आणखी दोनशे मीटरांत परवानगी लागते. माड लावा खुशाल. आणि खापरं कुठल्या खड्ड्यातली ते एका वहीत लिहून ठेवलंत तर तुमचे पाय धरीन.

फोंडेकरीण
सगळ्यांचे आभार. सरांशी बोलले. पूर्ण थांबणार नाहीत, पण दोन ट्रेंच आज बंद केले, एकच चालू आहे, तोही १० मेपर्यंत. दोघी आता मस्टरवर माझ्याकडे. कौलं घरमालक शाकारून देतोय.

पांढरट पडलेली खापरं खरंच निघाली, टाकीत घातलीयत. आणि हा फोटो बघा: वरच्या थरातलं निळ्या-पांढऱ्या बशीचं बूड, खालच्या कड्याला खडबडीत वाळू चिकटलीय. घासून काढू का?

खापरमावशी
घासू नकोस! ती वाळू मातीतली नव्हे, भट्टीतली आहे. बशी भट्टीत चिकटू नये म्हणून खाली वाळू पसरत, तीच झिलईला धरून राहिली. झिलई राखाडीकडे झुकलेली, निळा रंग पसरट, नक्षी घाईत मारलेली, आणि कड्याला वाळू. हे दक्षिण चीनमधल्या झांगझोऊकडचं दिसतं, सोळाव्या शतकाचा शेवट ते सतराव्याची सुरुवात. जिंगदेझेनचं, म्हणजे चीनमधल्या चिनी मातीच्या नामांकित केंद्राचं असतं तर कडं याहून नीट आणि पातळ असतं. फोटोवरून याच्या पुढे जात नाही. कड्याचा व्यास मोज, छेद एकास एक रेखाट, उजेड एका बाजूने घेऊन बुडाचा पुन्हा फोटो काढ, आणि या वेळी शेजारी स्केल ठेव, पेनाचं टोपण नको. त्याच थरातल्या चिनी मातीच्या बाकीच्या तुकड्यांची पिशवी उघडून जोड लागतो का तेही बघ.