साडेतीनच्या आठवणी सांगा

काल लेकीचा दशांशाचा गृहपाठ चालला होता, 3.5 गुणिले 7. मांडणी, खाडाखोड, पान भरलं. झोपाळ्यावरून बाबा डोळे न उघडता म्हणाले, "सात औट साडेचोवीस." लेक माझ्याकडे बघतेय, मी बाबांकडे. एकदम आमचं शुभंकरोती नंतरचं पाढे म्हणणं आठवलं, पावकी निमकी पाउणकी सवायकी दिडकी अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. तिथे अडकलं की ताटं उशिरा वाढली जायची. तुमच्याकडे काय काय आहे साडेतीनचं?

---

अगं थांब, औट म्हणजे साडेतीन??? मग 'औट घटकेचा राजा' त्यातलाच! मी आजवर समजत होते राजा आउट झाला 😂

---

हो मग. घटका 24 मिनिटांची, म्हणजे राज्य 84 मिनिटं. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना त्याहून थोडं जास्त मिळालं.

---

आमच्या सासूबाई साडेतीन मुहूर्तांशिवाय चमचा विकत घेत नाहीत. वॉशिंग मशीन बिघडलं जानेवारीत, म्हणाल्या पाडवा आलाच की. अडीच महिने चादरी हाताने पिळल्यात मी, मनगट अजून दुखतं. शेवटी पाडव्याला आलं मशीन आणि दसऱ्याच्या आत बंद पडलं. मुहूर्ताला नाव ठेवायचं नाही, मी पावडर जास्त घातली म्हणे.

---

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धा ना?

---

आमच्याकडे अक्षय्य तृतीया अर्धी धरतात. यावरून काका आणि आत्या दरवर्षी भांडतात, आमरस मात्र दोघंही ओरपतात.

---

देवीच्या साडेतीन शक्तिपीठांत वणीला अर्धं पीठ का म्हणतात हे मी लहानपणी आईला पायऱ्या चढताना विचारलं होतं, आई धापा टाकत म्हणाली, "अर्धं? मला तर सगळ्यात मोठं हेच वाटतंय." कोल्हापूर, तुळजापूर, माहूर नंतर झालं पण वणीच लक्षात राहिली. आता ट्रॉली झालीय, गुडघेवाल्यांची सोय.

---

आमचे मास्तर मला साडेतीन शहाणा म्हणायचे, मी खूश. मोठेपणी कळलं की ते पेशवाईच्या काळातले मुत्सद्दी, सखाराम बापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणवीस. नुसती मुत्सद्देगिरी करायचे, लढाई नाही, म्हणून नाना अर्धे, असं म्हणतात. मी दोन्ही करत नाही, मला शून्य शहाणा म्हणायला हवं होतं.

---

माणसाचा देह आपल्याच हाताने साडेतीन हात म्हणतात ना, आत्ता भाजी फोडणीला टाकून मोजलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरी धरली, तिच्या साडेतीन पट लांबी भिंतीवर लावली तर हनुवटीशीच संपली. परत मोजलं, तेच. भाजी करपली.

---

बरोबर आहे, वरचं रिकामं असतं ते धरत नाहीत 😛

---

🙏 कुठली भाजी होती?

---

गवार. ती तशीही कुणी खात नाही.

---

ताई, बाबांकडून अख्खी औटकी घेऊन इथे टाका ना, माझ्या मुलाला शिकवते.

---

टाकते, झोपलेत आत्ता. मला दहाच्या पुढे येतच नाहीये, पंधरा औट किती?

---

साडेबावन्न.

---

कॅल्क्युलेटर?

---

हो.