कर्टन लावला तरी पॉवर बँक हवीच
आम्ही अंध लोक फोनचा पडदा काळा ठेवायला स्क्रीन कर्टन ही सोय वापरतो. तिने बॅटरी वाचते असं म्हणतात, ते खरंच. आयफोनवर व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणारी सोय, चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की पडदा काळा होतो, स्पर्श मात्र चालतच राहतो. पण घराबाहेर बॅटरी खातात ती जीपीएस आणि कॅमेरा. रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं, नोट किती रुपयांची ते सांगणारं मनी (MANI) ॲप नेटशिवाय चालतं, तरी नोट ओळखायला कॅमेरा लागतोच. परवा अनोळखी गल्लीत फोन १२ टक्क्यांवर आला, तेव्हा पोटात गोळाच आला. डोळस माणूस पाटी वाचून घरी पोचतो. आमची पाटी फोनच वाचतो. पॉवर बँकेच्या बटणावर मी रबराचा ठिपका चिकटवलाय, चाचपलं की लगेच सापडतं. पण चार्ज किती उरलाय ते सांगतात नुसते दिवे! आवाजाने किंवा कंपनाने सांगणारी पॉवर बँक कुणी वापरतंय का?