विलोची साल आणि बाबांची अ‍ॅस्पिरिन, खरंच एकच आहे का हे?

मृद्गंध२१:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण प्लीज वाचा. बाबा ६८ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय आणि तेव्हापासून रोज ७५ मिलीग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चालू आहे. आता गुडघ्यांनी डोकं वर काढलंय आणि कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं की अ‍ॅस्पिरिन मुळात विलो नावाच्या झाडाच्या सालीतूनच आली, मग केमिकल कशाला खाता, साल उकळून प्या, गुडघेही थांबतील आणि रक्तही पातळ राहील. झालं, सालीचं पाकीट मागवलं आणि रोज सकाळी स्वतः गॅसपाशी उभं राहून काढा करतात, लालसर तपकिरी रंग येतो आणि कडू म्हणजे इतका की मी एक घोट घेतला तर जीभच आवळून आली. तिथपर्यंत ठीक होतं, पण काल औषधांचा डबा आवरताना बघितलं तर अ‍ॅस्पिरिनच्या पट्टीत पाच गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाले, अगं तेच तर घेतोय, झाडातून.
मला काही सुचत नाहीये. झाडपाल्यावर माझाही विश्वास आहे, त्यामुळे उगाच नाही म्हणायचं नाहीये, पण हे बरोबर आहे का?

नदीकाठ:
ताई, आधी कार्डिओलॉजिस्टना फोन करा, आजच, उद्यावर टाकू नका. पाच दिवस गोळी चुकली हे स्पष्ट सांगा आणि काढ्याचंही सांगा. आणि राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ देऊ नका त्यांना, पुढे कसं घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील.
आता का ते सांगतो. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, तिथे गुठळी होऊ नये म्हणून ही छोटी गोळी असते, दुखण्यासाठी नसते. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूला एक अ‍ॅसिटिल गट चिकटलेला असतो, तो प्लेटलेटमधल्या, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक पेशींमधल्या, एन्झाइमला जाऊन बसतो तो कायमचाच. प्लेटलेटला केंद्रक नसतं त्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणजे जगेल तितके दिवस, ७ ते १० दिवस, ती गप्प. म्हणून एवढ्याशा गोळीने दिवसभराचं काम होतं. विलोच्या सालीत असतं सॅलिसिन. ते आतड्यात फुटतं, मग लिव्हरमध्ये त्याचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड होतं. त्याने दुखणं थोडं कमी होतं, पण तो अ‍ॅसिटिल गट त्यात नाहीच. म्हणजे बाबा ज्या कामासाठी गोळी घेत होते नेमकं तेच काम काढा करत नाही. साल वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पण ती या गोळीच्या जागी बसत नाही.
हे वाचून मला खरंच काळजी वाटली, म्हणून घाईत लिहितोय. काय झालं ते कळवा.

पिंपळपार:
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. एक मात्र सांगते, बाबांना नुसतं 'बंद करा' म्हणू नका, ऐकणार नाहीत, त्यांना सालीची पूर्ण गोष्ट सांगा, कारण त्यांना सांगणाऱ्याने ती अर्धीच सांगितलीय.
विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड, पाण्याकाठी वाढणारं. ताप आणि दुखण्यावर ही साल फार जुन्या काळापासून वापरतात. इंग्लंडमध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने साल सहज चाखून बघितली, कडूपणा सिंकोनाच्या (ज्यातून हिवतापावरचं क्विनीन मिळतं त्या झाडाच्या) सालीसारखा लागला आणि त्याला वाटलं की ही पण तापावर चालेल. मग पाच वर्षं साधारण पन्नास लोकांना देऊन बघितली आणि १७६३मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्र लिहिलं. पुढे १८२८मध्ये म्युनिकच्या बुखनरने त्यातला पिवळसर कडू पदार्थ वेगळा केला, तेच सॅलिसिन. १८७६मध्ये मॅक्लॅगन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने ते संधिवाताच्या तापावर वापरलं, म्हणजे सांधेदुखीचं जे बाबा म्हणतायत ते काही हवेत नाहीये.
पण पुढचं ऐका. १८९७मध्ये बायर कंपनीत हॉफमनने अ‍ॅस्पिरिन बनवली तेव्हा सॅलिसिलिक अ‍ॅसिड कारखान्यात फिनॉल नावाच्या रसायनापासून तयार होत होतं, साल त्यात कुठेच नव्हती! ते अ‍ॅसिड नुसतं घेतलं की पोटाचे हाल व्हायचे म्हणून त्याला अ‍ॅसिटिल जोडलं. नावातलं 'स्पिर'सुद्धा विलोचं नाही, स्पायरिया नावाच्या दुसऱ्याच वनस्पतीचं आहे. म्हणजे साल ही गोळीची आजी म्हणा हवं तर, पण गोळी नव्हे.

हळदकुंकू_७:
मी स्वतः कंबरदुखीसाठी विलोची साल घेतलेली आहे म्हणून लिहिते. मला फायदा झाला, पण लगेच नाही, आठवडा दीड आठवडा गेला, आणि मी दुसरं कुठलंही औषध घेत नव्हते हे महत्त्वाचं. ज्या अभ्यासांत कंबरदुखीला फरक दिसला त्यात दिवसाला १२० ते २४० मिलीग्रॅम सॅलिसिन मोजून दिलेलं होतं, आणि घरी काढा करताना मुळात तेच कळत नाही. विलोच्या जाती खूप, पांढऱ्या विलोत सॅलिसिन अगदी कमी आणि जांभळ्या विलोत त्याच्या कितीतरी पट, त्यात फांदी कोवळी की जून, साल कधी काढली यावरही फरक पडतो. पाकिटावर नुसतं 'विलो साल' लिहिलं असेल तर चमचाभर पावडरीत किती गेलं हे देवालाच ठाऊक. माझ्या पाकिटावर सॅलिसिनचा आकडा छापलेला होता, नसता तर घेतलं नसतं.
कडू लागतं ते सॅलिसिन आणि जीभ आवळते ती त्यातल्या टॅनिनमुळे, रिकाम्या पोटी घेतलं की माझं पोट दुखायचं.
आणि आता बाबा गोळी परत सुरू करतील तेव्हा 'दोन्ही घेतो' असंही म्हणतील, माझ्या सासऱ्यांनी अगदी हेच केलं असतं. तर दोन्ही एकत्र नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, अल्सर असेल, किडनीचा त्रास असेल, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर साल घ्यायची नाही. गरोदरपणात नाही. लहान मुलांना तापात तर बिलकुल नाही, मुलांना अ‍ॅस्पिरिन ज्या कारणासाठी देत नाहीत तीच भीती (रे सिंड्रोम, लिव्हर आणि मेंदूचा गंभीर आजार) इथेही. काही ऑपरेशन ठरलं तर आधी डॉक्टरांना सांगायचं. नैसर्गिक आहे म्हणून डॉक्टरांपासून लपवतात ना लोक, तिथेच घोळ होतो, कारण ते औषध आहे म्हणूनच तर काम करतं.

मृद्गंध२१:
सगळ्यांचे खूप खूप आभार, कालच फोन केला. डॉक्टरांनी लगेच दवाखान्यात बोलावलं, ईसीजी काढला, नशिबाने ठीक आहे, गोळी चालू केली आणि काढा बंद. गुडघ्यांसाठी मांडीचे व्यायाम दिलेत आणि वजन चार किलो कमी करायला सांगितलंय. बाबा आधी गप्प गप्प होते. रात्री पिंपळपार ताईंचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं तर चष्मा लावून स्वतः परत वाचलं, आणि अ‍ॅसिटिलचं दादांचंही वाचलं, म्हणाले हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. आज सकाळी आपणहून गोळी घेतली आणि मला रिकामी जागा दाखवली पट्टीतली. पाकीट अजून कपाटात आहे, टाकवत नाहीये त्यांना.
आता त्यांचा एक प्रश्न आहे, तो पाद्री साल वाळवायचा कशी?

पिंपळपार:
फार बरं वाटलं वाचून! बाबांना सांगा, साधारण पौंडभर साल गोळा करून पिशवीत भरली आणि बेकरीच्या भट्टीला बाहेरच्या अंगाने ठेवून दिली, तीन महिन्यांहून जास्त, आणि मग कुटून पावडर केली. पाण्यातून किंवा चहातून द्यायचा, दर चार तासांनी, सुरुवातीला अगदी थोडी थोडी, भीत भीत.